गव्हल्यांना दोन उन्हं

आधीच कबूल करतो, हे सगळं मी फुशारकी मारायलाच लिहितो आहे. मला आयुष्यात बक्षीस असं कधी मिळालं नाही. शाळेत मी काढलेला मोर चित्रकलेच्या मास्तरांनी कोंबडी म्हणून सगळ्या वर्गाला दाखवला होता. आई तर मी शर्टाचं बटण लावायला घेतलं तरी सुई काढून घ्यायची. अशा माणसाने फिनलंडमधल्या एका लहानशा गावात बसून सव्वा किलो गव्हले वळले, आणि ते जबलपूरच्या लग्नात रुखवतावर मांडले गेले. एवढं सांगताना मी जरा ऐटीत बसलो तर कुणी मनावर घेऊ नये.

ज्यांनी गव्हले फक्त खिरीच्या वाटीत पाहिले असतील त्यांच्यासाठी सांगतो. रवा घट्ट भिजवायचा, कुटून कुटून मऊ करायचा, त्याची सुतळीहून बारीक दोरी ओढायची आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत एकेक कण तोडत वळत जायचं. दाणा तांदळाहून बारीक हवा आणि दोन्ही टोकांना निमुळता. मग ऊन दाखवायचं. लग्नघरात गव्हल्यांशिवाय मुहूर्त होत नाही, आणि जबलपुरात, कांचघरच्या आमच्या भागात मराठी घरी लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माझ्या आईला निरोप यायचा. तिचे गव्हले पाहायला बायका चष्मा घेऊन यायच्या. मी लहानपणी ताटातले गव्हले मूठभर उचलून तोंडात टाकायचो आणि मार खायचो.

आठ वर्षांपूर्वी वडील गेले आणि आईने ते काम सोडलं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो, मला भांडायला आवडतं. पण ती स्वतःच मागे सरकली. लग्नाला जायची ती शेवटच्या रांगेत बसायची, हळदीच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची, आणि गव्हल्यांचा निरोप आला की म्हणायची, "आता डोळे साथ देत नाहीत." डोळे तिचे शाबूत होते. तांदळातला खडा ती अजूनही दारातून ओळखते.

मग माझ्या भाचीचं लग्न नागपूरच्या मुलाशी ठरलं. लग्न मुलीकडे, म्हणजे जबलपूरला व्हायचं होतं. साखरपुड्याला मुलाची आत्या आली होती, शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, बोलायला चटपटीत. ती माझ्या बहिणीला म्हणाली, "रुखवताचं टेन्शन घेऊ नका. आमच्याकडे आता सगळं तयार मिळतं, गव्हलेसुद्धा. तुमच्या इथे तसंही करणारं कोण उरलं असेल?" तिच्या मनात वाईट काही नसावं. पण जबलपूरच्या मराठी माणसाला 'तुमच्या इथे' हे दोन शब्द फार लागतात. नागपूरकरांना आम्ही निम्मे हिंदी वाटतो आणि जबलपूरच्या लोकांना आम्ही पूर्ण मराठी, त्यामुळे आमचा कुठेच पुरा हिशेब लागत नाही.

भाचीचा त्याच दिवशी मला फोन आला.

"मामा, आजी मान ही नहीं रही. मला रुखवतावर तिचेच गव्हले पाहिजे. तयार आणले ना, तर मी मांडूच देणार नाही."

मी आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "शुभकार्यात माझा हात नको रे." मी आठ वर्षं ज्या गोष्टीचा नुसता अंदाज करत होतो ती तिने पहिल्यांदा तोंडाने सांगितली. मला इतका राग आला की काय बोलतोय ते कळायच्या आत मी बोलून गेलो, "मग मी करतो. हात माझा, तोंड तुझं. तसंही तुझं तोंड कधी थांबतं का?"

"तू?" आई म्हणाली. "तुला अजून चहा गाळता येत नाही."

असा मी गव्हल्यांत पडलो.

मी एकटा राहतो. लग्नाच्या फंदात पडलो नाही, आणि अकरा वर्षं त्या थंड देशात काढल्यावर माझ्या सुट्टीच्या दिवसांना काही आकार उरला नव्हता. शनिवारी उशिरा उठावं, तळ्याकाठी फिरून यावं, ब्रेड आणावा, कपडे धुवावेत. आईशी फोन असा चालायचा: जेवलास का, हो, थंडी आहे का, हो, बरं ठेवतो. दोघांनाही वाटायचं की बोलायला काहीतरी हवं, आणि ते काही सापडायचं नाही.

त्या शनिवारपासून ते सापडलं. सकाळी दहाला मी आल्याचा चहा करायचो, टेबलावर पांढरं फडकं पसरायचो, साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचो. तिकडे दुपारचे दीड वाजलेले असायचे आणि आई जेवून पंख्याखाली बसलेली असायची. पंख्याची करकर, शेजारच्या कुकरची शिट्टी, खाली भाजीवाल्याचं "ले लो दीदी, ताजी भिंडी", हे सगळं माझ्या खोलीत यायचं. माझ्या खिडकीबाहेर बर्फ असायचा. रव्याची तिथे अडचण नव्हती. फिनलंडची माणसं सकाळी रव्याची लापशी खातात, त्यामुळे तो कुठल्याही दुकानात मिळतो. अडचण माझ्या बोटांची होती.

"काहून रे, इतके जाड काहून करून राहिला?" आई विचारायची.

"बारीकच तर करून राहिलो."

"याले बारीक म्हणते? उंदराच्या लेंड्या बऱ्या."

पहिले तीन शनिवार मी फक्त उंदराच्या लेंड्या केल्या. आई मला फोन बोटांजवळ न्यायला लावायची, अंगठा कुठे ठेवायचा ते सांगायची, आणि मला जमलं नाही की नकळत हवेतच आपला अंगठा फिरवायची. ते पाहून मी वळायचो. हात कामात असले की माणूस बोलतो, हे मला तेव्हा कळलं. आई अमरावतीकडून लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य यायचं नाही. शेजारणी काय म्हणतात ते कळेना म्हणून ती दिवसभर गप्प बसायची. मग एका लग्नघरी तिला गव्हले वळायला बसवलं, आणि बायका तिच्या ताटाभोवती गोळा झाल्या. "तेव्हापासून मला लोकं ओळखायला लागले," ती म्हणाली. हे तिने मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

शनिवारची मी वाट पाहायला लागलो. ऑफिसात सोबतचे लोक बर्फावरून घसरायला जायचे, डोंगर चढायचे, आणि सोमवारी एकमेकांना फोटो दाखवायचे. मी एकदा माझा फोटो दाखवला. एका ताटलीत गव्हले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हे कशाचं बियाणं आहे असं विचारलं.

खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, बारा महिने लोकरीचे मोजे विणतात. मी रवा कुटायचो त्याचा आवाज त्यांच्या छतावर जायचा. त्या तक्रार करायला वर आल्या, टेबल पाहिलं, खुर्ची ओढून बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं. पुढच्या शनिवारी त्या सुया घेऊनच आल्या. आई फोनवरून त्यांना गव्हला दाखवायची, त्या आईला मोज्याची टाच दाखवायच्या. दोघींची भाषा वेगळी, पण माझ्या कामाला नावं ठेवण्यात त्यांचं लगेच जमलं.

नोव्हेंबर संपेपर्यंत माझा हात बसला. दाणा निमुळता यायला लागला, आईच्या शिव्या कमी झाल्या, आणि अर्धा किलो गव्हले तयार झाले. वाळवायचं कसं ते मला पाठ होतं. आमच्या घरी ते दिवसांत किंवा तासांत मोजत नाहीत. आई सांगते, पापडाला एक ऊन, कुरडयांना तीन उन्हं, गव्हल्यांना दोन. मी ताटं खिडकीत ठेवली, दोन दिवस ऊन दाखवलं, बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बरणीकडे येता-जाता कौतुकाने पाहत राहिलो.

डिसेंबरच्या मध्यावर झाकण उघडलं तर हिरवी बुरशी. वास असा की आजीबाईंनी खिडकी उघडली.

"ऊन दाखवलं होतंस?" आईने विचारलं.

"दाखवलं ना. पुरती दोन उन्हं."

"कसलं ऊन? दाखव मला."

मी फोन खिडकीकडे फिरवला. दुपारचे बारा वाजले होते. तळ्यापलीकडे झाडांच्या शेंड्यांना लागून एक फिकट गोळा होता, तो अजून दोन-तीन तासांत मावळणार होता. आई बघत राहिली.

"याले ऊन म्हणते का कोणी?" ती म्हणाली. पण हसली नाही. "तू जबलपूरचा हिशेब तिकडे लावला रे बाबा. मीही वेडी, विचारलंच नाही."

पुढच्या शनिवारी तिने फोन उचलला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "राहू दे आता. तुझी बहीण म्हणते नागपूरहून तयार मागवू. चार महिने राहिले. ते लोक बोलले ते काही खोटं नाही, करणारं कोण उरलं आहे?" मला अर्धा किलो रव्याचं दुःख नव्हतं. तीन महिने ती हवेत अंगठा फिरवत होती, आणि आता तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. ते मला बघवेना. मी म्हटलं, बहिणीला सांग काही मागवू नको. आणि फोन ठेवल्यावर मला अजिबात सुचत नव्हतं की पुढे काय करायचं.

सुचलं आजीबाईंना. फिनलंडमध्ये प्रत्येक इमारतीच्या तळघरात एक सौना असते. लाकडी फळ्यांची बंद खोली, कोपऱ्यात तापलेले दगड, त्यांवर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम काढत बसायचं. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरलेला असतो. माझा शुक्रवारी संध्याकाळी, माझ्यानंतर आजीबाईंचा. त्या म्हणाल्या, "दगडांवर पाणी टाकू नकोस. खोली कोरडी राहील. खालच्या फळीवर ठेव, वर फार तापतं. आणि माझा तासही घे, मी घरी आंघोळ करीन."

त्या शुक्रवारी मी लुंगी लावून, चार ताटं आणि मलमलचं फडकं घेऊन तळघरात उतरलो. त्या आठवड्यात रोज रात्री नव्याने वळलेले गव्हले खालच्या फळीवर पसरले आणि जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने तापलेल्या लाकडाचा आणि गरम रव्याचा वास यायला लागला. भिंतीवरच्या तापमापकात पारा चव्वेचाळीसवर होता. हा आकडा मला चांगला ठाऊक होता. हे कांचघरच्या आमच्या गच्चीवरचं मे महिन्यातलं ऊन होतं, दार लावून तळघरात ठेवलेलं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्याने हसलो. बाहेर पुढच्या पाळीचा माणूस टॉवेल घेऊन उभा होता. मी ताटं घेऊन बाहेर पडलो तेव्हा त्याने मला वाट दिली आणि काही विचारलं नाही. तिथली माणसं या बाबतीत फार चांगली आहेत.

दोन शुक्रवार म्हणजे दोन उन्हं. मग एका शनिवारी मी फोनसमोर खीर केली. दुधाला उकळी आली, गव्हले टाकले, आई चष्मा लावून बघत होती.

"चमच्यावर घे. फोनजवळ आण. अजून जवळ."

दाणे शिजले होते आणि एकही फुटला नव्हता.

"अच्छा," आई म्हणाली.

माझ्या आईचं 'अच्छा' काय असतं ते आमच्या घरच्यांनाच माहीत. बहिणीला दहावीत पहिला वर्ग मिळाला तेव्हा ते एकदा ऐकू आलं होतं.

मार्च संपेपर्यंत असे सव्वा किलो गव्हले झाले, आणि एप्रिलमध्ये त्यांच्या तीन बरण्या हातातल्या बॅगेत घेऊन मी जबलपूरला उतरलो. बरोबर आजीबाईंनी नवरीसाठी दिलेले लाल लोकरीचे मोजे होते. रुखवतावर मांडायचेच, असं त्यांनी बजावलं होतं. घरी बहीण ओमतीच्या बाजारातून आणलेला सोनेरी कागद नि झालर पसरून बसली होती, आणि गोहलपुरातल्या सुताराकडून तिने काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी करून आणली होती, खास गव्हल्यांसाठी. आईने बरण्या उघडल्या, थोडे तळहातावर घेतले, नाकाशी नेले.

"एक ऊन दाखवते. तुझ्या त्या तळघरावर माझा भरवसा नाही."

ती गच्चीवर गेली, धोतर पसरलं, बरण्या उपड्या केल्या आणि तळहाताने हळूहळू गव्हले सारखे करत बसली. शुभकार्याच्या गव्हल्यांना तिचा हात लागला होता. मी मूर्ख आहे, पण ते बोलून दाखवण्याइतका नाही. मी तिच्यासाठी फक्त छत्री धरून उभा राहिलो.

दोन दिवसांनी मुहूर्त होता. पाच सवाष्णी पाटांवर बसल्या, पुढे भिजवलेल्या रव्याचा गोळा. प्रत्येकीने थोडे गव्हले वळायचे, की लग्नाच्या कामाला सुरुवात झाली. आणि तिथे कळलं की पाचांपैकी एकीलाही गव्हले येत नाहीत. एकीने मोठाली शेंगोळी केली, एकीचा रवा बोटांना चिकटला. माझ्या बहिणीने तर चक्क गोट्या वळल्या. भाची खो-खो हसत होती आणि "मामा, तू बैठ जा यार," म्हणत होती. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या.

मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत. तिची नजर त्या ताटावर होती आणि पदराच्या टोकावर तिचा अंगठा नि तर्जनी भराभर फिरत होती. तेवढ्यात एका सवाष्णीने आपली शेंगोळी मोडून त्याचा पुन्हा गोळा केला आणि त्यावर पाणी शिंपडलं.

"अगं, पाणी काहून घालून राहिली?" आई म्हणाली. "नास करशील त्याचा. सरक, दे इकडे."

ती उंबरा ओलांडून आली, पाटावर बसली, गोळा हातात घेतला. दोन दाबांत त्याची दोरी निघाली. मग तिची बोटं सुरू झाली आणि ताटात दाणे पडायला लागले, बारीक, एकसारखे, आवाजही न करता. ताट भरत आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती कुठे बसली आहे. बोटं थांबली. भाची तिच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, माझे जाड होत आहेत. बघ ना."

आईने तिचा हात धरला. "अंगठा असा नाही. असा."

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. मध्यभागी काचेच्या पेटीत गव्हले, एका बाजूला त्रेचाळीस अंशाच्या उन्हाळ्यात लाल लोकरीचे मोजे. नागपूरची मंडळी मोजे बघून हसली आणि पेटीपाशी थांबली. मुलाच्या आत्याने पर्समधून चष्मा काढला, झाकण उघडलं, चिमूटभर गव्हले तळहातावर पसरले आणि एक दाणा उलटासुलटा करून पाहिला. त्या बाईला काम कळत होतं, हे मान्य करायला हवं.

"हे कुठून आणले?" तिने विचारलं. "आमच्याकडे असे मिळत नाहीत."

मी पुढे झालो. सहा महिने मी या प्रश्नाचं उत्तर पाठ करत होतो. त्यात फिनलंड होतं, सौना होती, माझा मोर आणि कोंबडीही होती. पण आई माझ्या आधी टेबलापाशी उभी होती. शेवटच्या रांगेतून ती कधी उठून आली ते मी पाहिलंच नव्हतं. तिने पेटीचं झाकण लावलं आणि आत्याकडे सरळ बघत म्हणाली,

"आणले नाहीत. आम्ही केले."